चटणीच्या डब्यातली सही

माझा आयुष्यात एकच फोटो चांगला आला, आणि नेमका तोच खोटा निघाला.

फोटोत मी एका नळाशी उभी आहे. अंगावर हिरवं इरकल, डोक्यावर पदर, एक हात तोटीवर, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू पाताळातलं पाणी मी स्वतः ओढून वर काढलंय. मागं निळी टाकी, चिंचेचं झाड, आणि कोपऱ्यात पाणी प्यायला आलेली दोन मेंढरं. नातीनं तो फोटो तिच्या मोबाइलात ठेवलाय. म्हणते, "आजी, काय तेज होतं गं तुझ्या तोंडावर!" मी म्हणते, तेज कसलं बाई? अक्कल उठून गेली की जागा मोकळी होते, तिथं ऊन पडतं.

तेव्हा मी सरपंच होते. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण डोकं अजून नव्या नवरीचं. आमचं गाव होटगीच्या पलीकडं. जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा गावची चार माणसं आमच्या ओसरीवर आली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "मालक, मालकीणबाईंना उभं करता का?" चहा मी दिला. मला कुणी विचारलं नाही. पण निवडून आल्यावर मी पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढं सांगितलं, की शेजारच्या गावात बाई भाकऱ्या थापते आणि नवरा खुर्चीत बसतो, तसलं इथं चालायचं नाही. माझा नवरा पंचायतीची पायरीसुद्धा चढणार नाही.

नवरा गोठ्यातूनच म्हणाला, "मला माजी म्हस पुरी हाय की."

या माणसापासून कारभार वाचवायचा, असं ठरवून मी कामाला लागले. शत्रू कसा निवडावा हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

माझ्या निवडणुकीत मतांची खरी बेरीज केली ती माझ्या मैत्रिणीनं. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. तिथली सगळी घरं मेंढरं पाळणारी. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलो. मी सोलापुरात वाढलेली, नळाखाली बादली लावून बसणारी, दहावी पास. डोक्यावर हंडा ठेवायचा म्हटलं की मान लटलट करायची. पहिल्या उन्हाळ्यात विहिरीवर बायका मला हसल्या. ही एकटी हसली नाही. तिनं तिच्या लुगड्याची चिंधी फाडली, चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "हंड्याकडं बगू नगं. वाटंकडं बग." तीस वर्षं झाली, गावात नळ आले, मी हंडा केव्हाच विसरले. ती विसरली नव्हती. वस्तीवर नळ नव्हताच. 

मतं मागायला गेले तेव्हा ती म्हणाली, "वस्ती तुझ्यामागं हाय. पर नळ आन बाई. आता हंडा उचलला की कमरंत कळ येतीया."

मी तिच्या हातावर हात मारला. "आणला समज."

पैसा खरोखरच होता. दिल्लीहून गावाला निधी येतो, थेट पंचायतीच्या खात्यात. तो कशावर खर्च झाला याचा अहवाल वर पाठवायचा, सोबत कामाचा फोटो जोडायचा. अहवाल पोचला तरच पुढचा हप्ता. आणि मधे कुणी घोटाळा करू नये म्हणून दोन माणसांच्या दोन सह्या. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, संगणकावर बिल तयार करून सही करायची. मग सरपंचानं ते बघून पास करायचं. सही म्हणजे पेनानं नव्हे. बोटाएवढी एक वस्तू मिळते, तिला सगळे डोंगल म्हणतात. ती संगणकात खोचायची, आपला गुप्त आकडा दाबायचा, की सही झाली. एक भाऊसाहेबांकडं, एक माझ्याकडं.

तालुक्याला आम्हा नव्या सरपंच बायकांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे साहेब म्हणाले, "हा तुमचा अंगठा समजा. अंगठा कुणाला उसना देता का?" आम्ही साठ-सत्तर बायका शाळेतल्या पोरींसारख्या एका सुरात ओरडलो, "न्हाईऽऽ!" त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, हे ठेवायचं कुठं? कपाटात नको, किल्ली नवऱ्याजवळ. देवघरात नको, पूजा तोच करतो. शेवटी मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि शेंगाचटणीच्या डब्यात दडवलं. नवऱ्याला पित्ताचा त्रास, चटणीच्या डब्याला तो शिवत नसे. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्या दिवशी चटणी दोनदा वाढून घेतली.

गुप्त आकडा ठेवला आमच्या लग्नाचं साल. नवऱ्याला ते कधी आठवलेलं नाही, तेव्हा धोका नव्हता. पंचायतीत मात्र मला संगणकाची बटणं नीट दिसत नसत. भाऊसाहेब म्हणायचे, "सांगा आक्का, मी दाबतो." मी मोठ्यानं सांगायचे. शिपायालासुद्धा पाठ झालं होतं.

भाऊसाहेब फार गोड माणूस. बदली होऊन आलेला, खोली घेऊन एकटा राहायचा. आठवड्यातून दोनदा तरी आमच्याकडं जेवायला. मी कडक भाकरी मोडून द्यायचे, तो म्हणायचा, "आक्का, आईच्या हातची चव." राखीला मी त्याला राखी बांधली. बिल पास करायच्या दिवशी डोंगल नाकाशी नेऊन तो म्हणायचा, "आक्का, आख्ख्या जिल्ह्यात लसणाचा वास येणारी सही एकट्या तुमचीच!" मी पदर तोंडाला लावून हसायचे. ती पदराआड हसणारी मी आठवली की आज मला तिचा कान धरावासा वाटतो.

व्हायचं तेच झालं. पिशवी फाटली, तेल आत गेलं, आणि एक दिवस डोंगल चालेना. भाऊसाहेबांनी ते शर्टाला पुसून पुसून चालू केलं आणि म्हणाले, "आक्का, हे स्वैपाकघरात नको. माझ्या कपाटात ठेवू. तुमच्या हातानं पाकिटात घाला, तुमच्या हातानं बंद करा. मी हात लावणार नाही."

आता इथं माझ्या सासूबाई आल्या. म्हणजे वारल्या होत्या, पण त्यांची रीत आली. त्या लोणच्याची बरणी फडक्यानं बांधायच्या आणि गाठीवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायच्या. कुणी गाठ सोडली की कुंकू मोडायचं. धाकट्या जावेला त्यांनी असंच तीनदा पकडलं होतं. मी विचार केला, लोणचं राखतं ते कुंकू सरकार राखणार नाही होय? मी डोंगल पाकिटात घातलं, तोंड चिकटवलं आणि जोडावर कुंकवाचं बोट टेकवलं. दर सोमवारी जायचे, कपाट उघडायला लावायचे, पाकीट बघायचे. कुंकू शाबूत. काम निघालं तर पाकीट फाडायचं, सही करायची, नवं पाकीट, नवं बोट. भाऊसाहेब हात जोडून म्हणायचे, "आक्कांसारखी कडक सरपंच बघितली नाही." मी बाहेर पडताना नवऱ्याच्या गोठ्याकडं बघायचे. बघ म्हटलं, असा कारभार असतो.

दोन माणसांनी एकमेकांवर नजर ठेवावी म्हणून दोन किल्ल्या दिल्या होत्या. मी माझी किल्ली त्याच्याच कपाटात ठेवून कुंकवावर नजर ठेवून बसले.

त्याच साली दिवाळीआधी भाऊसाहेब म्हणाले, "अक्कलकोटच्या अंगाला एका गावात वस्तीवर नळ झालेत, झकास. बघून येऊ, तसंच आपण करू." त्याच्या गाडीतून गेलो. तिथल्या बायका कानडी बोलणाऱ्या, "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत त्यांनी चहा पाजला. मी नळ सोडून बघितला, बंद करून बघितला. पाणी बघून मला खरंच भरून आलं. माझ्या मैत्रिणीची कंबर आठवली. भाऊसाहेबानं मोबाइल काढला. "आक्का, हात तोटीवर ठेवा. पदर नीट. हां, आता हसा थोडं." मी थोडं नाही, चांगलं हसले. भाऊबीजेला त्यानं तोच फोटो मोठा करून, काचेच्या फ्रेमीत घालून मला ओवाळणी दिली. मी तो ओसरीवर टांगला.

मेंढरं घेऊन कर्नाटकात निघायच्या आदल्या दिवशी मैत्रीण ताक न्यायला आली. फोटोपुढं उभी राहिली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही, कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ही कुणाची मेंढरं गं?"

"मला काय ठाऊक? तिकडच्या गावातली असतील."

"व्हय, तिकडलीच. उजवा कान कातरलाय." मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तू लई खूश दिसतीस. आमच्या नळाला बी अशीच हस."

"उन्हाळ्यात परत येशील तेव्हा नळाखाली आंघोळ कर," मी म्हटलं. ती गेली सहा महिन्यांसाठी. आणि मी मार्चमध्ये मैत्रिणीच्या नळाचं काय झालं म्हणून दोनदा विचारलं, भाऊसाहेब म्हणाले, "पाइप सुटलेत आक्का, वाटेत आहेत." कुठली वाट, किती लांबची, हे मी विचारलं नाही.

जेठात जिल्ह्याहून एक मॅडम तपासणीला आल्या. दिवसाला चार गावं करायची, म्हणून चपला न काढताच टेबलाशी बसल्या. मी समोर खुर्चीत, भाऊसाहेब उभे. दाराशी माझी मैत्रीण बसलेली. आदल्याच दिवशी मेंढरं घेऊन परतली होती आणि कसल्याशा दाखल्यासाठी आली होती. मॅडम यादी वाचत गेल्या. अंगणवाडीची दुरुस्ती, काम पूर्ण. गटार, काम पूर्ण. मग वाचलं, "ओढ्यापलीकडची वस्ती, नळयोजना. काम पूर्ण, खर्च झालेला, सरपंचांची सही आहे, फोटो आहे, फोटोत जागेची नोंद वस्तीचीच आहे."

 मी भाऊसाहेबांकडं बघितलं. त्यानं डोळ्यानं खूण केली, नंतर सांगतो. आणि मी, नवऱ्याचा रबरी शिक्का व्हायला नाकारणारी, गप्प बसले.

ही गोष्ट मी कुणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं फसवणूक तिकडं झाली, कपाटात. ती तर झालीच. पण इकडं खुर्चीत जे झालं ते अजून सलतं.

मॅडमनी दाराकडं बघितलं. "मावशी, तुम्ही त्या वस्तीच्याच ना? नळ आला का?"

"कुटला नळ?"

भाऊसाहेब हसले. "मॅडम, ही बाई सहा महिने मेंढरांमागं कर्नाटकात होती. काल आलीय. तिला काय ठाऊक इथं काय झालं ते? हिला अजून घरची वाट सापडली नसंल."

शिपाईही हसला. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

मैत्रीण उठली. कमरेला हात देत टेबलापाशी आली. "दावा बगू फोटू."

मॅडमनी तो पाटीएवढा मोठा मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं डोळे बारीक केले. मला वाटलं माझा चेहरा बघतेय. तिनं कोपऱ्यात बोट ठेवलं.

"मी नसंन गावात. पर ही मेंढरं बी आमच्या वस्तीची न्हाईत. आमी समदे डावा कान कातरतो, पिल्लू असतानाच. हिचा उजवा हाय. वर निळा ठिपका. आमच्यात निळा कुनी लावत न्हाय." मग ती सावकाश माझ्याकडं वळली. "आन ह्यो फोटू हिच्या वसरीवर टांगलाय की."

मॅडमनी फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. कडेला काचेची चकाकी दिसली. फोटोचा फोटो होता तो. भाऊसाहेबानं दुसरी प्रत तशीच काचेत घालून, वस्तीवर उभं राहून तिचा फोटो काढला होता. जागेचे आकडे आमच्या वस्तीचे, पाणी परगावचं, हसू माझं. वर किती टेबलांवरून तो गेला असेल, सगळ्यांनी आकडे बघितले, सही बघितली. मेंढराचा कान कुणी बघितला नाही.

मॅडम वस्तीवर जायला उठल्या. मी आधी कपाटाकडं गेले. पाकीट काढलं. कुंकू शाबूत. उलटं केलं. खालची घडी उकलून पुन्हा चिकटवलेली, डिंक पिवळा आणि कडक. सासूबाईंच्या बरणीला बूड होतं हो. पाकिटाला नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

भाऊसाहेब मागोमाग आला. आवाज खाली, गोडच.

"आक्का, मार्चला अहवाल गेला नसता तर पुढचा हप्ता बंद झाला असता. ठेकेदारानं पैसे घेतलेत, पाइप आणणारच आहे. तुम्ही एवढंच म्हणा, काम सुरू आहे, चुकून पूर्ण असं लिहिलं गेलं. दोन महिन्यांत नळ उभे करतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. भाकरी मोडताना बघायचा, तसंच.

"आक्का, मी फक्त तयार करतो. पास तुम्ही केलंय. सही तुमची आहे. आकडा आख्ख्या ऑफिसानं तुमच्या तोंडून ऐकलाय. डोंगल मी वापरलं म्हणाल, तर विचारतील, पाकिटावर कुंकू कुणाचं?"

त्याच्या हाताला माझी राखी नव्हती, कधीच गळून पडली असेल. पण मी बघितलं. बाईमाणूस बघतंच.

बाहेर आले तर मैत्रीण पायरीवर उभी. तिनं एकच विचारलं.

"तुला ठाऊक हुतं का न्हाय ते मी इचारत न्हाय. त्यो मला हसला तवा तू का गप हुतीस?"

  उत्तराची वाट न बघता ती ओढ्याकडं चालू लागली, हंडा नसलेल्या डोक्यानं, तरी मान अगदी ताठ.

त्याच टेबलावर बसून मी हातानं लिहिलं, खऱ्या पेनानं. वस्तीवर नळ नाही. अहवाल खोटा आहे. फोटोतला नळ दुसऱ्या गावचा आहे आणि त्यावर हात ठेवणारी मी आहे. माझी किल्ली मी माझ्या हातानं दुसऱ्याच्या कपाटात ठेवली आणि आकडा तोंडानं सांगितला. मॅडम वस्तीवरून परत आल्या, वाचलं, म्हणाल्या, "यानं तुम्हीच अडचणीत याल. विचार केलाय का?" मी म्हटलं, "विचार केला असता तर ही वेळ आली नसती. आता राहू द्या."

अडचणीत आलेच. पद गेलं. भाऊसाहेबांची चौकशी झाली, ठेकेदाराला नोटिसा गेल्या, आणि वसुलीचा एक वाटा माझ्याही नावावर निघाला. माझ्या पाटल्या गेल्या. नवऱ्यानं एका शब्दानं टोमणा मारला नाही, हेच मला सहन होईना. शेवटी मीच म्हटलं, "बोला की काहीतरी!" तो म्हणाला, "काय बोलू? डोंगल गोठ्यात ठेवलं असतंस तर म्हशीनं खाल्लं असतं. पर सही तरी कुनी केली नसती." तेव्हा कुठं मी रडले.

मैत्रीण वर्षभर बोलली नाही. ताक न्यायला सुनेला पाठवायची. मी ताकात लोण्याचा गोळा जास्त टाकायचे. गोळा तसाच परत यायचा, भांड्यात वेगळा ठेवून.

मग नवा सरपंच आला, नवा हप्ता आला, नवा ग्रामसेवक आला. या वेळी वस्तीवर खरंच पाइप पडले. पहिलं पाणी येणार त्या दिवशी मला बोलावणं नव्हतं. मी गेले. लांब, बाभळीखाली उभी राहिले. नळाला हार घातला होता. नवा सरपंच फोटोसाठी बायकांना गोळा करत होता, मला बघून म्हणाला, "या की आक्का, तुम्ही बी उभ्या ऱ्हावा."

मैत्रीण तिथूनच ओरडली, "तिला नगं! ती तोटीला हात लावती आन पानी दुसऱ्याच गावाला जातंय!"

सगळी वस्ती हसली. मीही हसले. वर्षानंतर ती माझ्याविषयी बोलली होती, माझ्याशी नव्हे, पण ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी बाभळीखालीच थांबले. फोटो झाला, गर्दी पांगली, तेव्हा ती आली. हात ओले होते.

"त्यो फोटू हाय का अजून?"

"माळ्यावर टाकलाय."

"मला दे."

दुसऱ्या दिवशी मी तो फ्रेमीसकट नेऊन दिला. वाटलं होतं फोडेल. फोडला नाही. तिच्या दारातल्या रांजणाला झाकण नव्हतं, धूळ पडायची. तिनं तो फोटो रांजणावर उपडा न घालता उताणा घातला. बरोबर बसला, जणू मापानं केलेला.

तो अजून तिथंच आहे. काच तडकलीय, माझं इरकल पाण्यानं फिकं पडलंय, मेंढरं मात्र स्पष्ट आहेत. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. रोज सकाळी ती माझं तोंड धरून मला उचलते, बाजूला ठेवते, तांब्या भरून घेते आणि मला पुन्हा जागेवर ठेवते. आता बोलते ती माझ्याशी. ताकही स्वतः न्यायला येते. पण लोण्याचा गोळा अजून ठेवून घेत नाही.